पोवळ्याला फुटलेलं पांढरं टोक

सूनबाई,

तुझी औषधं आणायला गेलेय. दूध ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे.

तुझी ती माशांची काचेची टाकी बघितलीस का? सगळी पोवळी जिवंत आहेत! तू दवाखान्यात गेलीस आणि मागोमाग पोवळ्यांसाठी पाण्यात घालायच्या तुझ्या त्या महागड्या बाटल्या संपल्या. पोवळी फिकी पडायला लागली. तुझ्या नवऱ्याला तर टाकीकडे बघवेना. "आई, माशांच्या दुकानदाराला देऊन टाकू," म्हणाला. मी म्हटलं, "तिची टाकी आहे. ती येईपर्यंत जागची हलणार नाही."

मग मी दुकानदाराचं डोकं खाल्लं. पोवळी पाण्यातलं कॅल्शियम घेऊन हाडं बांधतात, तेवढं भरून दिलं की झालं, म्हणाला. अगं, मग बाटल्या कशाला? शुद्ध चुना फिल्टरच्या पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी सलाइनसारखी थेंब थेंब सोडायची. टाकीतलं पाणी आटतं तेवढीच. पाण्याची क्षारता तरीही कमी भरली, तर थोडा खायचा सोडा वेगळा विरघळवून घालते. त्या रंग बदलणाऱ्या चाचण्याही मीच करते. तुझा नवरा नुसता बाटली धरून उभा असतो.

जांभळ्या फांदीला पांढरं टोक फुटलंय, ती नवी वाढ आहे. फोटो बघून दुकानदार म्हणाला, "मावशी, कमाल केलीत!" हे तो म्हणाला हं, मी नाही.

आता आडवी हो. बाह्या सरसावून टाकीत हात घालायचा नाही. तू धडधाकट होईपर्यंत तिची मालकीण मी आहे.

आई