चारपट की नऊपट

पाइक लेक, मिशिगन
४ ऑक्टोबर १९८७

चि. सुलोस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय ती बंदुकीच्या स्कोपबद्दल, म्हणून तुझी हेल्मीवहिनी कपाळाला हात लावून बसली आहे. पण आपल्या रानातल्या शिकारीच्या कॅम्पवर बंदुकांतलं कळायचं ते फक्त तुला. बाकी आम्ही नुसते कॉफी ढोसणारे.

पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम उघडतो आणि माझं काही ठरत नाही. बाबांचा जुना स्कोप चारपट मोठं दाखवतो. दुकानदार म्हणतो, तीन ते नऊ फिरवता येतो तो घ्या. शेजारचा वाल्फ्रिड म्हणतो, बारापट. पाद्रीबुवा सहा वापरतात, पण दोन वर्षांत त्यांना शिंगसुद्धा दिसलेलं नाही. मी दुकानात सुटा स्कोप नऊवर लावून बाहेर बघितलं तर सगळं तपकिरी. वाटलं, बिघडलाय. ती समोरच्या ट्रकमधल्या कुत्र्याची पाठ निघाली.

मोठं दिसलं की लवकर ओळखू येतं, की उलट? माझं डोकं पार भंजाळलंय. तूच सांग.

लोभ पूर्वी होता. थोडा उरला असेल तर दोन ओळी टाक.

तुझा,
आर्वो


डुलुथ
१२ ऑक्टोबर

ती. स्व. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं, तरी तुला नक्की काय विचारायचंय ते कळेना. तुझ्या भावजयीला, सिनिक्काला, वाचायला दिलं. ती म्हणाली, सख्खा भाऊ आहे, उत्तर दे. म्हणून देतो.

चारपट पुरे. आपल्या रानात साठ-सत्तर पावलांपलीकडे हरीण दिसतंच कुठे? नऊवर नुसती केसाळ पाठ दिसेल, आणि हात जरा हलला की तीही गायब. शिवाय पहाटेच्या अंधुक उजेडात काच आणखी काळी पडते. वाल्फ्रिडला म्हणावं, बारापट घेऊन चंद्र बघ.

आता माझा प्रश्न. त्या साली मी बीव्हरच्या तळ्याकाठी खोडावर बसलो होतो आणि पलीकडून तू माझ्यावर बंदूक रोखून स्कोपमधून बघत होतास. आदल्याच दिवशी बाबांच्या कॅम्पच्या वाटणीवरून आपण हातघाईवर आलो होतो. मी दुपारी सामान बांधलं ते पुन्हा फिरकलो नाही. दादा तसा नाही, असं नऊ वर्षं मनाला समजावतोय. निम्मं पटतं, निम्मं नाही.

तुझं बोट चापावर होतं का? एवढंच सांग. लोभाचं त्यानंतर बघू.

सुलो


पाइक लेक
१९ ऑक्टोबर

चि. सुलोस आशीर्वाद.

बोट चापावर नव्हतं. आईशपथ नव्हतं.

काठावर तपकिरी काहीतरी हललं. बाबांचा नियम तुला पाठच आहे: आधी डोळ्यांनी ओळख, मग बंदूक उचल, आणि स्कोपमधून माणूस कधी बघायचा नाही. मी आधी उचलली. काचेत तुझं तोंड आलं आणि माझे हातच गोठले. बंदूक खाली घ्यायला किती वेळ लागला, देव जाणे. तेवढ्यात तू बघितलंस. मला इतकी लाज वाटली की तुझ्या मागे यायचंही धाडस झालं नाही.

तेव्हापासून दर मोसमात बंदूक मांडीवर घेऊन बसतो, पण ती खांद्याला लावत नाही. हेल्मीला वाटतं, माझं नशीबच फुटकं. यंदाही जमलं नाही तर कॅम्पला कुलूप घालणार.

म्हणून विचारत होतो रे. स्कोप नऊपट असता तर तुला लवकर ओळखलं असतं का? एकदा वाटतं हो, एकदा वाटतं, तपकिरीच दिसलं असतं आणि मी... पुढचं लिहवत नाही.

राग धर, पण उत्तर दे.

आर्वो


डुलुथ
२८ ऑक्टोबर

ती. स्व. दादास शि. सा. नमस्कार.

सोबतच्या खोक्यात दुर्बीण आहे, गळ्यात अडकवायची. हरणासाठी चारपट पुरे, माणूस ओळखायला ही. आधी हिच्यातून बघायचं, बंदुकीचं नाव नंतर.

मीही एक गोष्ट लपवली. त्या सकाळी चालून घाम आला, म्हणून नारिंगी कोट काढून त्याच्यावरच बसलो होतो. अंगात आईने विणलेला तपकिरी स्वेटर. शिकारीत तो कोट अंगावर हवा, हा कायदा मलाही ठाऊक होता. एक चूक तुझी आणि एक माझी, पण मी धरून बसलो फक्त तुझी.

चौदाला येतोय. वहिनीला म्हणावं, माझ्या वाटच्या मांस-बटाट्याच्या पास्ट्या चार जास्त कर. पंधराला उजाडताना त्याच खोडावर बसेन, कोट घालून. तू बघ. मी हात करीन.

लोभाचं मनावर घेऊ नकोस, तो आटला नव्हता.

सुलो


पाइक लेक
२ डिसेंबर

चि. सुलोस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलास हे सिनिक्काच्या पत्रावरून कळलं. नवा स्कोप घेतला नाही, त्यामुळे दुकानदार माझ्याशी बोलत नाही. तू गेल्यावर चारपटीतून एक हरीण नीट बघितलं. मादी निघाली आणि माझा परवाना नराचा, म्हणून बंदूक खाली ठेवली. पण उचलली होती, खांद्याला लावली होती. वाल्फ्रिडला मात्र आठ टोकांच्या शिंगांचा नर मिळाला. आता सगळा गाव बारापटच घेणार.

एक सांगायचं राहिलं. सौनाच्या गरम वाफेत आपण दीड तास शेजारी बसलो आणि नुसतं बर्फाबद्दल बोललो.

त्या सकाळी दुर्बिणीत तू स्पष्ट दिसलास. हात केलास आणि लगेच मान फिरवून बाहीने डोळे पुसलेस. म्हणून तुला दिसलं नाही. मीही हात केला होता. बराच वेळ करत होतो.

तुझा,
दादा