किलोमीटरला किती पडतं

३ नोव्हेंबर, कोच्कोर
बुरुलला आत-बाशीला माहेरी जाऊन सत्तावीस दिवस झाले. सासऱ्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी गेलो नाही, कारण त्याच दिवशी बिश्केकला गाड्यांचा बाजार होता. ती शेअर टॅक्सीने एकटीच गेली, ती तिकडेच राहिली. फोनवर म्हणाली, न्यायला स्वतः ये, तुझ्या काकाला पाठवून भागणार नाही.
रुसवा आहे, उतरेल. गाडी घेऊनच जायचं ठरवलं. डिझेल की पेट्रोल, एवढाच प्रश्न.

७ नोव्हेंबर
वहीत दोन रकाने आखले. पेट्रोल: किलोमीटरला साडेसात सोम. डिझेल: तीन सोम पंच्याऐंशी, कारण एका ट्रकवाल्याकडून उन्हाळ्यातलं उरलेलं पिंप स्वस्तात मिळतंय.
सकाळी चहाचे दोन पेले मांडले गेले. घर खायला उठतं. पण घाईत गाडी घेऊ नये.

१९ नोव्हेंबर
डिझेलची व्हॅन घेतली. शेजारच्या कालीबेक आजोबांनी तीस वर्षं ट्रक चालवला. पिंपात बोट बुडवून म्हणाले, अरे बाळा, हे उन्हाळी डिझेल. आत-बाशीच्या वाटेवर डोलोनच्या घाटात थंडीने याचं खिमट होईल. रॉकेल मिसळ.
रॉकेल मिसळलं की पाऊण सोम वाढतो. सगळा रकाना बिघडतो. मान डोलावली आणि घरी आलो.

२८ नोव्हेंबर
मेहुण्याचा फोन. म्हणाला, दाजी, येताय की नाही ते एकदा सांगा. ताई मॉस्कोला कामाला जायचं म्हणतेय, मामेबहीण तिकीट काढतेय.
धमकी आहे. रविवारी निघतो म्हणालो.

१ डिसेंबर
रविवार. थंडीत गाडी किती पिते ते आधी बघायला हवं. आता आठवडाभर गावातच फिरवेन. बुरुलला हिशोब दाखवला की ती हसेल. पूर्वी हसायची.

९ डिसेंबर
पहाटे निघालो. सासूबाईंना शाल, बुरुलला बूट. उणे चोवीस. घाट अर्धा चढलो आणि गाडी दोनदा खोकून बंद पडली. टाकीत खिमट.
दोन तासांनी समोरून आत-बाशीची टॅक्सी आली. पेट्रोलची. आत बुरुल, मांडीवर मोठी बॅग. उतरली. थर्मासमधला चहा दिला, माझ्या टोपीच्या कानपट्ट्या बांधल्या. मग विचारलं, किलोमीटरला किती पडतं?
म्हटलं, तीन सोम पंच्याऐंशी.
म्हणाली, स्वस्त आहे.
टॅक्सीवाला म्हणाला, भाऊ, हिच्या शेजारी एक जागा आहे, कोच्कोरपर्यंत चल, गारठून मरशील. तिनेही बॅग थोडी सरकवली.
मी म्हटलं, कशाला उगाच तीनशे सोम, गाडी आत्ता सुरू होईल.
तिने बॅग पुन्हा होती तिथे सरकवली. मग बसली. बूट द्यायचे राहिले.

११ डिसेंबर
परवा टॅक्सीवाल्याच्या निरोपावरून संध्याकाळीच कालीबेक आजोबा घाटात आले आणि टाकीखाली स्टोव्ह लावून त्यांनी गाडी घरी आणली. बुरुलचं विमान आज सकाळी गेलं.
हिशोब पुन्हा तपासला. चूक कुठेच नाही. फक्त जाऊ नकोस म्हणायचं राहिलं.