खिडकी उघडी ठेव

दादा,

बाबांना दवाखान्यात ठेवलंय, ऑक्सिजन लावलाय. तुझा फोन लागत नाही. मी त्यांचे कपडे न्यायला आले होते, लगेच परत चाललेय.

सकाळी तुझी गिऱ्हाईकं मापं द्यायला येणार, म्हणून मी रोजच्यासारखा बाबांच्या खोलीत सुगंधी स्प्रे मारला आणि वास टिकावा म्हणून खिडकी लावून घेतली. थोड्याच वेळात त्यांना धाप लागली, ओठ निळे पडले. स्प्रेचं सांगितल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस मारताय?" मी म्हटलं, दोन महिने. ते म्हणाले, "अहो, आधीच अधू फुप्फुसं. बंद खोलीत रोज हेच ओढतायत ते."

'गिऱ्हाईकं नाकाला रुमाल लावतात' असं तू म्हणालास म्हणून मारत होते, असं लिहिणार होते. पण हात माझाच होता.

शिलाई मशीनखालचा स्प्रेचा डबा आणि मी कपाटामागे दडवलेला दुसरा, दोन्ही घराबाहेर काढ. त्यांची चादर, उशी धुवायला टाक, त्यांनाही तोच वास आहे. गिऱ्हाईकांना सांग, घरात आजारी माणूस आहे, वास येणारच. चालत नसेल तर दुसरा शिंपी बघा म्हणावं.

आणि एक. वाचा गेल्यापासून बाबा रोज सकाळी चमच्याने खाटेचा दांडा बडवायचे ना? आपण हसायचो, म्हाताऱ्याला चहाची घाई झाली म्हणून.

आज भरलेला कप समोर होता, दादा. तरी बडवत होते. खिडकीकडे बघत.