खरखरीच्या मागचं बोलणं

बाबा, मागच्या शनिवारी चंद्रपूरच्या एका दुकानात मी तुमचा आवाज ऐकला. गाण्यातला नाही, तो मला पाठ आहे. बोलण्यातला. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि भर दुपारी तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर मायशी बोललात.

माय आता माझ्याजवळ वरोऱ्याला असते. विहारात म्हणायच्या आधी प्रत्येक गाणं घरी टेप करून पाहायची तुमची सवय होती, त्यातली एक कॅसेट तिनं लुगड्यात गुंडाळून जपली होती. माझ्या शाळेतल्या एका मास्तरांनी ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली. पण मोबाइलवर तुमचा आवाज डास गुणगुणल्यासारखा येई. माय म्हणायची, "हा नाई तुया बाप." म्हणून स्पीकर घ्यायला गेले. पुस्तकांच्या कपाटावर बसतील असे लहान दोन डबे, ॲम्प्लिफायर आतच असलेले. दुकानदारानं दोन जोड्या मांडल्या. दुसरीची किंमत पहिलीच्या दुप्पट, आणि दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या. मी स्वस्ताची घ्यायचं ठरवूनच टाकलं होतं. तो म्हणाला, "बाई, पैशावर नोका जाऊ आत्ताच. ज्याचा आवाज तुमाले पाठ हाये ते लावा अन् मंग ठरवा." मी पेनड्राइव्ह दिला.

पहिल्या जोडीत ढोलकी अशी घुमली की काउंटरची काच थरथरली. मला आवडलं. दुसऱ्या जोडीत ढोलकी आटोपशीर झाली, आणि तुम्ही पुढे आलात. श्वास घेताना नाक वाजतं तेसुद्धा ऐकू आलं. "याच्यात दणका नाई," दुकानदार म्हणाला, "पण माणूस दिसते." गाणं संपलं. पुढे नुसती खरखर आहे असंच आम्ही आजवर समजत होतो. तो बंद करायला वाकला, तेवढ्यात खरखरीच्या मागून तुम्ही म्हणालात, "सूर बरोबर लागला का वो? माया आवाज मलेच नाई येऊन राह्यला ऐकू." मग माय: "लागला. पोरीले सांगू का आता?" आणि तुम्ही: "नोको. खाणीत समजलं तं डिरिलवरून काढतीन. कोनालेच नोको सांगू." मग खट्. टेप बंद.

दुकानदार काहीतरी विचारत होता. मी तशीच बाहेर पडले, ऑटोत बसले, आणि बसस्टँडवर उतरल्यावर कळलं की पेनड्राइव्ह तिथंच राहिला.

घरी माय भाजी निवडत होती. मी चप्पलही काढली नाही. "बाबाले ऐकू येत नव्हतं?" तिचा हात थांबला. "कोनं सांगतलं?" मी म्हटलं, "त्यानंच." तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं आणि सांगू लागली. खाणीत ड्रिल मशीनवर काम करून करून तुमचे कान गेले होते. आधी बारीक आवाज गेले, मग बोलणं. तुम्ही ओठ पाहून समजून घ्यायचात. माय जेवायला नेहमी तुमच्या समोरच का बसायची, विहारात पहिल्या रांगेत बसून एवढी ठळक टाळी का धरायची, आणि तुम्ही गाताना तिच्याच हातांकडे का बघायचात, हे मला पन्नाशीत कळलं. आम्ही पोरं त्यावरून हसायचो. "मले काऊन नाई सांगितलं?" मी ओरडलेच. ती म्हणाली, "त्यानं शपथ घातली होती. तो गेल्यावर मंग वाटलं, आता सांगून का फायदा?"

ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. मी दहावीत आहे, तालुक्याच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिली आले आहे. तुम्ही खाणीतली पाळी करून आलात, ताटावर बसलात. मी चुलीकडे तोंड करून भाकर थापते आहे आणि थापता थापताच तुम्हाला ते गाणं म्हणून दाखवते आहे, पूर्ण, तिन्ही कडवी. तुम्ही जेवलात, हात धुतलात आणि एक शब्द न बोलता बाहेर गेलात. माझी पाठ होती तुमच्याकडे, बाबा. माझे ओठ तुम्हाला दिसतच नव्हते. त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलत राहिले, लग्न होईपर्यंत आणि नंतरही.

पण त्याहून मोठा धक्का मला रात्री अंथरुणावर बसला. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, मी तुमच्या कानाशी वाकून म्हटलं होतं, "बाबा, इतकी वर्षं राग धरला, मले माफ करा." तुम्ही मान हलवली होती. "हो, जेवून घे," म्हणाला होतात. मला वाटलं होतं, काय मोठं मन आहे या माणसाचं, पोरीला ओशाळं वाटू नये म्हणून विषय जेवणावर नेला. सव्वीस वर्षं मी त्या मान हलवण्यावर निवांत होते. तुम्ही ऐकलंच नव्हतं. मायनं सांगितलं, बोलणं समजलं नाही की तुम्ही प्रत्येकाला हो म्हणायचात.

आज पुन्हा चंद्रपूरला जाऊन आले. दुकानदारानं पेनड्राइव्ह पाकिटात घालून वेगळा ठेवला होता. म्हणाला, "मी पुन्ना नाई लावला, बाई. घरचं बोलणं होतं तुमच्या." मी महागाची जोडी घेतली. माय समोर बसली, दोन्ही हात मांडीवर. गाणं संपल्यावर तुम्ही विचारलंत, सूर बरोबर लागला का, आणि टेपवरची माय उत्तर द्यायच्या आत ही माय म्हणाली, "लागला जी." मग तिनं पदर तोंडाला लावला. मी उठून आत गेले.

हे वहीत लिहून ठेवते आहे, वहीतच राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, आणि या वेळी तोंड तुमच्याकडे करून. बापानं कौतुक केलं नाही म्हणून गाणं सोडलं, असं मी नवऱ्याला, पोरांना, शाळेतल्या बायांना सांगत आले. खोटं आहे ते. तालुक्यानंतर जिल्ह्याची स्पर्धा झाली, तुम्ही पाळीवर होता. दुसऱ्याच कडव्याला माझा आवाज फाटला आणि समोरच्या पोरी हसल्या. गाणं मी त्या दिवशी सोडलं. तुमचं नाव घेणं सोपं होतं.