बातमी तळाला

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांना आणि आत्याला सा. न. वि. वि.

खोलीच्या खिडकीला एकदाची कडी बसली. सोबतिणीचा खोकला गेला, आता घोरणं सुरू झालंय. जिन्यातला दिवा अजून तसाच, मी अजून तशीच चाचपडते. हां, सांगायचं राहिलंच. माझी चौथी बातमीही पत्रकारितेच्या सरांनी परत केली.

नगरपालिकेच्या सभेला पाठवलं होतं. तीन तास लाकडी बाकावर बसून सगळं टिपलं: अध्यक्ष किती वाजता आले, कोण कोणावर घसरलं, माईक कितीदा बंद पडला. सरांनी कागद घेतला आणि कात्री लावली ती थेट खालून. त्यांचं म्हणणं, पानावर जागा कमी पडली की बातमी खालूनच कापतात, म्हणून महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात हवं. सातवा परिच्छेद गेला, सहावा गेला. मग कापलेला तुकडा उचलून त्यांनी वर्गासमोर वाचला. त्यात होतं, की गावातलं एकुलतं एक वाचनालय एक तारखेपासून बंद होणार! सगळा वर्ग हसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेवटी परीक्षा आहे, तारीख लागायची आहे. चाळीस मिनिटांत एक बातमी. पास झाले तरच वर्तमानपत्रात उमेदवारी मिळणार. मला ती हवीच आहे हो बाबा. नाहीतर आहेच आत्या म्हणते तसं, घरी येऊन घड्याळांना चाव्या देत बसायचं.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची टिकटिक


दि. ९ फेब्रुवारी

चि. टिकटिकला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातून मुंगी काढत होतो. ती आत गेली कशी हे त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही, आणि मुंगीला विचारायची सोय नाही. आत्याने नवा स्टोव्ह घेतलाय. पेटत नाही म्हणून रोज सकाळी त्याच्याशी भांडते, मग तो पेटतो. शेजारच्या शिंप्याने माझ्या पँटचा एकच पाय आखूड केला. वर म्हणतो, पँट सरळ आहे, माणूस वाकडा आहे.

सरांचं मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या वर्षी घड्याळ जोडून झालं की माझ्याकडेही दोन स्क्रू उरायचे. माझे उस्ताद ते स्क्रू माझ्या चहाच्या बशीत ठेवायचे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, बाळा.

तिसरं पान लागलं, आता पुरे. एक राहिलं. महिनाभर उजव्या डोळ्यापुढे, बरोबर मधोमध, काळा ठिपका येतो. भिंग लावतो तोच डोळा. डॉक्टर म्हणतात आतल्या पडद्याला छिद्र पडलंय, ऑपरेशन लवकर करायला हवं. त्यानंतर आठवडाभर पालथं पडून राहायचं, म्हणजे सोबत कोणीतरी लागेल. आत्याची कंबर तुला माहीतच आहे. जमलं तर येशील? नाही जमलं तरी हरकत नाही. वेळेवर जेवत जा.

लोभ आहेच, तो वाढता राहो.

बाबा


दि. १६ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

पाचवीही परत! आता मात्र हात टेकले. सर म्हणाले, मी वाचकाला दारात ताटकळत ठेवून अंगणाची हकीकत सांगते. हे कुठून शिकलीस, असं विचारलं त्यांनी. खरं सांगू बाबा? तुमच्याकडून. राग मानू नका, पण तुमची पत्रं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. परवाचं पत्र मुंगी आणि शिंप्यापर्यंत वाचलं. शेवटचं पान तसंच वहीत ठेवलंय, परीक्षा झाली की निवांत वाचीन. सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि तुमच्यासारखं लिहीत राहिले तर माझं काही खरं नाही.

आत्याला नमस्कार. चिडलेय, पण तुमचीच आहे.

टिकटिक


दि. २४ फेब्रुवारी

टिकटिक,

दादाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी, चौदा मार्चला सकाळी अकरा वाजता आहे. साधलं तर डोळा वाचेल, नाही साधलं तर दुकान बंद. तू ये.

हे पहिल्या ओळीत आलं, कारण पेन माझ्या हातात आहे. डावा डोळा आधीपासूनच अधू, त्याला आता स्वतःचं अक्षर दिसत नाही. तो सांगतो, मी लिहिते. हवापाण्यापासून सुरू कर म्हणत होता. मी म्हटलं, हवा गेली खड्ड्यात.

तुझं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं. तेलाच्या घड्यापर्यंत हसत होता. शेवटचं पान वहीत ठेवलंस हे ऐकलं आणि पत्र मागून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाला, पोरीला अभ्यास आहे. अशी गोष्ट तळाला का घालायची, असं मी खडसावून विचारलं. त्याचं म्हणणं, वाईट बातमी आधी दिली तर माणूस ती उभ्याउभ्या वाचतो. आधी चार गमती सांगितल्या की तो निदान खाली बसतो.

आता काय ते तू ठरव.

आत्या


दि. २ मार्च

ती. बाबांना, आत्याच्या तोंडून, सा. न.

मी मंगळवारी, बारा तारखेला संध्याकाळी पोहोचते आणि पुढे दहा दिवस घरीच आहे. बघा, पहिल्याच वाक्यात बातमी!

वहीतलं पान काढलं. तुम्ही सोय करूनही मी ते उभ्यानेच वाचलं. किती गाढव आहे हो मी बाबा. तुम्हाला बोलले ते सगळं परत घेते. तुम्ही पालथे पडाल तेव्हा मी खाली जमिनीवर बसून पेपर वाचून दाखवीन, हवापाण्यापासून. शिंप्याला सांगा, पँटचा दुसरा पायही आखूड करून ठेव. परीक्षेचं मनात आणू नका, सरांशी बोलले आहे, सगळं ठीक आहे.

भेटीपर्यंत ही माया पुरवून ठेवा.

तुमची टिकटिक

आत्या, इथे थांब. इथून खालचं त्यांना वाचू नकोस, कापून टाक. परीक्षा चौदालाच आहे, अकरा वाजता. सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, कारण लिहून दे. मी तीन ओळी लिहून दिल्या. त्यांनी लाल पेन उघडलं, वाचलं आणि पेन मिटलं. एक शब्दही कापला नाही. पण तारीख काही बदलली नाही. आता पुढच्या वर्षी. फार रडले गं, आत्ता कुठे जमायला लागलं होतं.