घेतलेलं नाव

१० जानेवारी २०२५, सेलू
आज बंगल्यात राहायला आले. कापसाच्या जिनिंगचे मालक गोविंदशेठ यांचा हा बंगला. आता खाली महिला मंडळाचा हॉल, वर संग्रहालय. देखभालीचं काम सुमंगलाताईंनी मिळवून दिलं. त्या शेठच्या घराण्यातल्या सूनबाई. पूर्णेच्या वाचनालयात आमची ओळख झाली. खोलीत ऊन येतं. पुस्तकांचं कपाटही माझ्या ताब्यात आहे. माझे यजमान नागेश रेल्वेत होते; ते गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

१३ जानेवारी
वर कापसाची गठाण, लोखंडी तराजू आणि कुणी बसू नये म्हणून भोवती दोरी लावलेला शेठचा पलंग आहे. झाडणाऱ्या सरजाबाई म्हणाल्या, साखरपुडा झाला आणि शेठ बिनलग्नाचेच वारले.

१७ जानेवारी
मंडळाचं हळदीकुंकू होतं. मी आत तिळगूळ वाटीत भरत होते. सुमंगलाताईंनी हाताला धरून बाहेर आणलं, कुंकू लावलं, ओटी भरली. विधवेला! माझे डोळे भरले. मग बायका नाव घ्या म्हणाल्या. नागेशचं नाव घ्यायला धीर होईना. ताई हसून म्हणाल्या, मग घराच्या मालकाचं घ्या, गंमत म्हणून. उखाणाही त्यांनीच सांगितला:
कापसाच्या राशीवर चांदण्याचा साज,
गोविंदरावांचं नाव घेते, घरधनीण आज.
सगळ्या हसल्या. मीही हसले.

२० जानेवारी
सरजाबाई वर जायला तयार नाहीत. कारण विचारलं तर खाली बघत म्हणाल्या, "बाई, तुमी नाव घेतलंत. आता त्यान्ला बायको हाय."
अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. वर मीच झाडलं.

२२ जानेवारी
पलंगाभोवतीची दोरी सुटलेली. चादर एका बाजूनेच चुरगळलेली. दुसरी बाजू नीट — कुणासाठी तरी ठेवल्यासारखी.

२४ जानेवारी
बंगल्याच्या फोनवर धाकट्या दिरांचा फोन आला. कोण बोलतंय, म्हणाले. मी म्हणाले, गोविंदरावांच्या घरून. असं कसं बोलले मी — तोंडातून आपोआप आलं. दिरांनी फोन ठेवला.

२५ जानेवारी
ते नाव मला मुद्दाम घ्यायला लावलंत का, ताईंना विचारलं. त्या नाकबूल झाल्या नाहीत. शेठ एकटे राहिले म्हणून घरातल्या पोरींची लग्नं मोडतात, त्यांच्या मुलीचं, वैदेहीचं, दोनदा मोडलं, आता जमलंय. सगळं शांतपणे सांगितलं. मी म्हणाले, तुम्हाला मैत्रीण समजत होते. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या मागं तरी कोण होतं?"
म्हणून मला निवडलं. वाचनालयातच निवडलं असणार.

२७ जानेवारी
पिशवी भरून स्टँडवर गेले. पूर्णेची गाडी लागली होती. कंडक्टरने कुठं जायचं विचारलं — मी बंगला म्हणाले. लोक बघत होते. परत आले. कशी आले ते —

२८ जानेवारी
दुपार. वर कुणीतरी खोकतंय. पाणी मागतंय, मला नावाने हाक मारून.
मी जाणार नाही. पूर्णेहून आणलेला फोटो मांडीवर घेऊन बसलेय. हेच माझे. हा चेहरा, ही रेल्वेची टोपी, सगळं ओळखते. नाव लिहून ठेवते, म्हणजे —
माझ्या नवऱ्याचं नाव गो
नाही. नाही.
माझ्या नवऱ्याचं नाव