बावीस मुली, बावीस खडे

२ जानेवारी १९९६, मंगळवार
बारामतीहून सकाळच्या एसटीने निघाले, भिगवणला गाडी बदलली आणि अकराच्या ठोक्याला शाळेत हजर झाले. मुख्याध्यापिका म्हणून ही माझी तिसरी आणि बहुधा शेवटची शाळा. खोली शाळेच्या मागेच आहे, कोरडी आणि स्वच्छ. शिपाई शकुबाईने भाकरी आणि वांग्याचं भरीत आणून दिलं. हात चांगला आहे, तोंडाला मात्र खळ नाही.
खिडकीतून धरणाचं पाणी थेट आभाळापर्यंत दिसतं. मधोमध एक बेट आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं, त्याची टेकडी तेवढी वर राहिली. आता तिथे वनखात्याची पाटी आहे, राष्ट्रीय उद्यान होणार म्हणून. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. सातवीच्या बावीस मुली रोज वर्गातून ते बेट पाहतात, पण एकीनेही त्यावर पाय ठेवलेला नाही. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. रविवारी, एकवीस तारखेला सहल नेणार.

४ जानेवारी, गुरुवार
परवानगीचं पत्र इंदापूरला पाठवलं. गावचे नावाडी महिपती तात्या यांच्या मोटारहोडीत पंचवीस माणसं बसतात, म्हणजे एकाच खेपेत काम होईल. प्रत्येकीने दशम्या आणि पाण्याची बाटली आणायची. काठावर गाळ आहे, तेव्हा जोडीने, हात धरून चालायचं. सगळं सूचनावहीत लिहून सही केली.
नकोशी नावाची मुलगी फार प्रश्न विचारते. हजेरीत शेवटची, बाविसावी. असं नाव कशावरून, असं विचारलं तर मान वर करून म्हणाली, "चौथी पोरगी मी, बाई. कट्टाळली आसतील." मला आवडली. तिला तसं दाखवलं नाही.

७ जानेवारी, रविवार
शकुबाईला घेऊन बेट पाहून आले. पक्षी हजारोंनी आहेत. सावली भरपूर, उतरायला जागा सोपी.
एक गोष्ट नोंदवते. होडीत चढण्याआधी महिपती तात्यांनी काठावरच्या सपाट शिळेवर एक खडा ठेवला, शकुबाईने एक ठेवला. मग दोघे माझ्याकडे पाहत उभे राहिले. परत आल्यावर ज्याने त्याने आपला खडा उचलून पाण्यात टाकायचा, अशी इथली रीत. तात्यांचं म्हणणं असं, की गाव बुडालं तेव्हा काही माणसं टेकडीवरून उतरलीच नाहीत आणि ती अजून परत यायला टपलेली आहेत. "ज्याचा खडा हितं, त्योच माघारी येतो, बाई. ज्याचा न्हाय, त्याच्या जागी दुसरंच येतंय."
मी खडा ठेवला नाही. शकुबाई म्हणाली, "तुमी दगडाला भेत न्हाय, पर दगड तुमाला भेल का?" आणि स्वतःच हसली.
परतल्यावर दोघांनी खडे उचलले. तात्या माझ्याकडे बराच वेळ पाहत होते. नमस्कार न करताच गेले.

८ जानेवारी, सोमवार
प्रार्थनेनंतर सर्वांना बजावलं: सहलीला एकाही मुलीने खडा ठेवायचा नाही. तसं सूचनावहीतही लिहिलं. नकोशी खिशात गुळगुळीत खडा घेऊनच आली होती. तो काढून घेतला आणि खिडकीबाहेर फेकला. तिने डोळ्यांतलं पाणी दाखवलं नाही.

११ जानेवारी, गुरुवार
शकुबाईने आज चहा आणला नाही. विचारलं तर कपाट पुसत राहिली. दोनदा विचारलं. बहिरी झाली असावी. तिसरीच्या वर्गात गेले, मुली उठून उभ्या राहिल्या नाहीत. शिस्त फार ढासळली आहे.
खोलीच्या उंबऱ्याशी ओल्या पावलांचे ठसे होते. आत जाणारे. बाहेर येणारे नव्हते.

१३ जानेवारी, शनिवार
भर दुपारची गोष्ट. मी व्हरांड्यात उभी होते. शकुबाई चहाचा कप घेऊन माझ्याच अंगावरून गेली, म्हणजे अगदी खांद्याला खांदा घासून, आणि कार्यालयात शिरली. आतून तिच्या बोलण्याचा आवाज आला. "बाई, साखर कमी टाकलीया."
मी दारातून पाहिलं. माझ्या खुर्चीत माझी करडी साडी नेसून कुणीतरी बसलं होतं. केसांतून पाणी ठिबकत होतं. माझ्या चष्म्याने ती सूचनावही वाचत होती. तिने वर पाहिलं आणि हसली. मी कधी तशी हसत नाही.

१६ जानेवारी, मंगळवार
काठावर गेले. तात्या जाळं शिवत होते. त्यांच्यासमोर बसून म्हटलं, माझं चुकलं, आता खडा ठेवते. खडा हातात राहतच नाही. बोटांतून पडतो, पुन्हा उचलला की पुन्हा पडतो.
तात्यांना ऐकूच गेलं नाही. पण अंगावर शहारा आल्यासारखं करून ते उठले आणि दुसरीकडे जाऊन बसले.

१८ जानेवारी, गुरुवार
सहल रद्द. सूचनावहीत लिहिलं, सही केली. शाई वाळता वाळता कागद कोरा झाला. पाच वेळा. या माझ्या वहीतलं तेवढं टिकतं. माझा जुना हुकूम मात्र ठळक आहे — खडा ठेवायचा नाही. तो माझाच. तिला काही करावंच लागलं नाही.
आज तिने प्रार्थनेला तो वाचून दाखवला. मुलींनी माना डोलावल्या. माझ्या धाकाने.

२० जानेवारी, शनिवार
नकोशीला गाठलं, विहिरीपाशी. कानाशी ओरडले. खडा ठेव. खडा ठेव. ती थांबली. इकडेतिकडे पाहिलं. मग घागर उचलून —
ऐकलं का तिने? कळत नाही.
घसा खरवडल्यासारखा. तोंडात गाळाची चव.

२१ जानेवारी, रविवार
पहाटेच काठावर येऊन उभी राहिले. होडी अडवायची. आडवी पडेन पण —
धुकं. काही दिसत नाही.

मोटारहोडीचा आवाज. मुलींचं गाणं. पण आवाज समोरून येतो आहे. पाण्यावरून. माझ्याकडे.
मागे वळले. वनखात्याची पाटी.
मी त्या काठावर नाहीच. बेटावर आहे. कधीपासून —

होडी दिसली. पुढे ती बसली आहे. मुलींना मोजते आहे.
माझ्या मागे गाळात पावलं वाजली. रांग लागली आहे. जोडीने. हात धरून. मी सांगितलं होतं तशी.
मोजल्या. बावीस. केस ओले. चेहरे आमच्या मुलींचे. राजनंदिनी, मोना, मनिषा — सगळ्या —

नाही. एकवीस. शेवटच्या बाविसावीला चेहरा नाही. कोरा आहे.
नकोशी. तिने खडा ठेवला. माझं ऐकलं नाही तिने, सगळ्यांसमोर सांगितलेलं — ऐकलं नसू दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकलं नसू दे —

होडी टेकली. ती उठून नकोशीकडे बोट दाखवते आहे. खडा ठेवलास का, विचारते आहे. नकोशी मान खाली घालते —
मान वर कर, पोरी. माझं ऐकू नकोस. माझं —
माझ्या मागे, त्या कोऱ्या तोंडावर काहीतरी हलतं. नकोशीचे डोळे —